दस्तगीर मिस्त्रीच्या करकरत्या चपला

फटफटी हे आमच्या भागात नवल होतं, तेव्हाची ही गोष्ट. फार वर्षं झाली. खडकाईच्या घाटाला तेव्हा कठडे नव्हते, रस्ता एका बैलगाडीपुरता होता, आणि फटफटीचा आवाज आला की म्हशी दावं तोडून पळायच्या. त्या काळी घाटमाथ्यावर, कुसरवाडीच्या वेशीबाहेर, दस्तगीर मिस्त्रीचं दुकान होतं. दुकान म्हणजे काय, चार लाकडी मेढींवर पत्रा, पाने-पकडी टांगलेली फळी, आणि पंक्चर बघायला पाण्यानं भरलेली एक दगडी डोणी. पत्रा कधीच उडाला. डोणी अजून आहे.

आता सगळे त्याला देवमाणूस म्हणतात. म्हणू देत. पण जिवंत होता तेव्हा लोक त्याला काय काय म्हणायचे ते मी ऐकून आहे, आणि ते पोराबाळांपुढे सांगण्यासारखं नाही. एवढा तापदायक माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

घाट चढून येताना गाड्या तापायच्या आणि माथ्यावर येऊन बंद पडायच्या. माणूस घामानं निथळत गाडी ढकलत दुकानापाशी आणायचा आणि म्हणायचा, मिस्त्री, गाडी चालू होईना. मिस्त्री मान डोलवायचा, जवळ यायचा, आणि इंजिनाकडे ढुंकूनही न बघता मागचं चाक काढायला बसायचा. चाकात काय बघायचं तर ब्रेक. लायनर, म्हणजे ब्रेकची आतली पट्टी, झिजलेला दिसला की काम तिथंच थांबलं. माणूस ओरडायचा, अहो, माझं इंजिन बंद आहे, ब्रेकला काय धाड भरलीय? मिस्त्री एकच वाक्य बोलायचा. "आधी थांबायचं बघू, मग चालायचं."

आणि काढलेलं चाक आडवं टाकून पाटावर बसावं तसा त्याच्यावर बसायचा. चहा प्यायचा. आता गाडीला चाकच नाही म्हटल्यावर जातोस कुठं?

त्याच्या डोक्यातलं मी तुम्हाला सांगते, कारण तो स्वतः कधी नीट सांगायचा नाही. आमच्याकडच्या लोकांना एक खोड होती. पेट्रोल वाचवायला घाटमाथ्यावर इंजिन बंद करायचं आणि गाडी नुसत्या उतारानं खाली सोडायची. इंजिनाची ओढ नाही, सगळा भार ब्रेकवर. लायनर जळून जायचे. दिव्याच्या वातीएवढं पेट्रोल वाचवायचं आणि म्हशीच्या वळणावरून गाडीसकट दरीत जायचं, असा हिशेब. त्यात ज्याची गाडी बंद पडलीय तो आणखी शहाणा. तो म्हणायचा, मला काय करायचंय इंजिन, पुढं उतारच आहे, नुसता धक्का मारा, खाली गेल्यावर बघू. असं कुणी म्हटलं की मिस्त्री चाकावर आणखी घट्ट बसायचा.

लोक वैतागायचे. शिव्या द्यायचे. दगड मारल्याचंही सांगतात. पण घाटात दुसरं दुकान नव्हतं.

मिस्त्रीला एकच शौक होता, चपलांचा. कापशीची जाड कातड्याची जोडी, तेल पाजून मुरवलेली. चालला की करकर, करकर असा आवाज पार वळणापर्यंत जायचा. कपडे तेलानं काळे, हात काळे, तोंड काळं, पण चपला नव्या नवरीसारख्या जपलेल्या. कामाला बसताना त्या काढून उंच फळीवर ठेवायचा. तिथं पान्याला जागा नसली तरी चालेल, चपलांना हवी.

तर एके दिवशी दुपार कलल्यावर तातोबा गुरव आपली फटफटी ढकलत माथ्यावर आला. तातोबा वाड्यावस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीला घालायचा. त्या दिवशी गाडीला दुधाच्या किटल्या नव्हत्या. मागून त्याची पोरगी सुगंधा ढकलत होती, कडेवर पत्र्याची पेटी घेऊन. तिला घाटाखालच्या मोठ्या गावात नर्सिंगच्या शाळेत नाव घालायचं होतं. तो शेवटचा दिवस होता आणि तिथली कचेरी संध्याकाळी बंद व्हायची. आई नव्हती तिला. आई बाळंतपणात गेली होती, वाडीत सुईणही वेळेवर पोचली नव्हती म्हणून. तेव्हापासून पोरीनं एकच धरलं होतं, मी नर्स होणार.

बापाला ते पसंत नव्हतं. त्यानं आपल्या बहिणीच्या मुलाशी तिचं ठरवून टाकलं होतं. पण पोरीनं अन्नपाणी सोडलं, तेव्हा तो म्हणाला, चल, नेतो. मात्र देवळात घंटेला हात लावून वदवून घेतलं की आज दार बंद मिळालं तर परत यायचं आणि मुकाट बोहल्यावर उभं राहायचं. पुन्हा शाळेचं नाव काढायचं नाही. सुगंधानं घंटेला हात लावला. गुरवाची पोर ती, घंटेला हात लावून दिलेला शब्द मोडणं तिच्या रक्तात नव्हतं.

आणि गाडी माथ्याच्या जरा अलीकडे बंद पडली.

मिस्त्रीनं प्लग काढला, पुसला, परत बसवला. एवढंच होतं. सुगंधाला हायसं वाटलं. तेवढ्यात मिस्त्री मागच्या चाकाकडे सरकला.

"मामा, ते राहू द्या," सुगंधा म्हणाली. "आम्हाला घाई हाय."

"समद्यास्नीच असती," मिस्त्री म्हणाला आणि चाक काढलं. आत लायनर नव्हताच. कातडी जाऊन हाड दिसावं तसे नुसते रिबिटाचे खिळे दिसत होते. त्यानं चाक आडवं केलं आणि वर बसला. "लायनर न्हाई माझ्याकडं. सांगून धाडल्यात, उद्या-परवा येतील. गाडी ठेवा, चालत जावा."

"चालत गेलं तर सांज होईल," सुगंधा म्हणाली.

"व्हईल."

"कचेरी बंद होईल."

"व्हईल."

तातोबा बांधावर बसून तंबाखू मळत होता, आणि पोरीला दिसलं की बापाच्या चेहऱ्यावर काळजीची एक रेघ नाही. मग तिचा तोल गेला. ती मिस्त्रीसमोर उभी राहिली. आमच्या बायका सांगतात की तिचा आवाज डोणीतल्या पाण्यावर उमटला.

"माझ्या बापानं तुम्हाला सांगून ठेवलंय का? खरं बोला. किती दिवस झाले तुम्हा दोघांचं ठरून?"

मिस्त्रीनं चहाचा कप खाली ठेवला. "काय ठरून?"

"मला अडवायचं. बाप म्हणतो लगीन कर, तुम्ही म्हणता चालत जा. म्हणजे एकच की. उठा त्या चाकावरनं. मला दरीत पडायचं असंल तर मी पडीन, तुम्ही कोण?"

जन्मभर शिव्या खाल्लेला माणूस, पण हे त्याला लागलं. तो तातोबाकडे वळला. "काय गुरव? काय म्हणती पोरगी?"

"शाळंत जाती म्हणं," तातोबा म्हणाला. "आज न्हाई पोचली तर इषय संपला. तू बस निवांत, मिस्त्री. तुझं बरोबर हाय. ब्रेकबिगर कुठं जायचं?"

जन्मात पहिल्यांदा कुणीतरी मिस्त्रीला तुझं बरोबर आहे म्हणालं होतं, आणि ते त्याला मुळीच आवडलं नाही, असं म्हणतात.

तो उठला. इकडेतिकडे बघितलं. टायरचा तुकडा उचलला, वास घेतला, टाकून दिला. रबर तापलं की पाघळतं, घाटात कामाचं नाही. गोणपाट बघितलं, तेही टाकलं. मग त्याची नजर फळीवर गेली.

चपला खाली काढताना त्यानं वारलेल्या बायकोचं नाव घेतलं म्हणतात. आवई म्हणा वा खरं, मला ठाऊक नाही. पण एक चप्पल ऐरणीवर ठेवून त्यानं सुरी चालवली, आणि कातड्याचा जो आवाज झाला तो ऐकून तातोबाच्या हातातली तंबाखू सांडली. एका लायनरला एक चप्पल, दुसऱ्याला दुसरी. त्यानं कातडं चाकाच्या आतल्या गोलाईला जुळवून कापलं, रिबिट ठोकले, आणि चाक बसवलं. मग सुगंधाला गाडीपाशी बोलावलं, बापाला नाही.

"ढकल," म्हणाला. तिनं ढकलली. त्यानं ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी उभी राहिली, पोरगी पुढं आदळली. "परत." परत तसंच. "आता जावा. इंजिन बंद करायचं न्हाई. आन गुरव, तू पेट्रोल वाचवायला गेलास तर खाली येऊन तुझ्या गळ्यात चाक बांधीन."

ते उतरू लागले. सूर्य तिरपा झाला होता. म्हशीच्या वळणाला त्याचं नाव कशावरून पडलं ते तुम्हाला माहीतच आहे. त्या दिवशीही वळणापलीकडे म्हशींचे कळपच्या कळप रस्त्यात बसलेले होते, एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तातोबानं ब्रेकवर पाय दिला. चाकातून धूर निघाला, चामडं जळाल्याचा वास दरीभर पसरला. आणि त्याच घडीला वर माथ्यावर मिस्त्री ताडकन उभा राहिला. त्याच्या दोन्ही तळव्यांना आग लागली होती. तो धावत डोणीपाशी गेला, दोन्ही पाय पाण्यात घातले, आणि डोणीतलं पाणी बुडबुड करत उकळलं, असं म्हणतात. खाली गाडी थांबली. पुढच्या चाकानं एका म्हशीच्या शेपटीला शिवलं. म्हैस उठली नाही, मान वळवून बघितलं फक्त.

तातोबानं वाकून धुरणाऱ्या चाकाकडे बघितलं, मग दरीकडे. मग म्हणाला, "घट्ट धर, सुगंधे." आणि मग मात्र त्यानंच गाडी अशी हाणली की कचेरीचा शिपाई कडी लावत होता तेव्हा हा दारात पाय घालून उभा. पोरीचं नाव लागलं.

लोकांना हे कळलं तेव्हा त्यांनी मिस्त्रीला चपला आणून दिल्या. तातोबानं आधी जोडी दिली, मग डेअरीवाल्यांनी, मग कुणी कुणी. तुम्हाला वाटेल त्यानं आनंदानं घातल्या असतील. त्या माणसानं एकूण एक जोडी कापली आणि ज्याचा लायनर गेलेला त्याच्या चाकात ठोकली. लोक कपाळाला हात लावायचे. अहो मिस्त्री, ही तुमच्या पायासाठी दिली होती. तो म्हणायचा, पाय आपोआप थांबत्यात, गाडी थांबत न्हाई. मरेपर्यंत अनवाणी राहिला. गेला कसा ते कुणाला माहीत नाही. एका सकाळी दुकान उघडं होतं, चाक आडवं पडलं होतं, चहा गरम होता, आणि घाटाच्या उतारावर करकर, करकर असा आवाज खाली खाली जात होता, असं म्हणतात.

सुगंधा नर्स होऊन कुसरवाडीलाच आली. घाटाच्या दोन्ही अंगांची बाळंतपणं तिनं केली. आणि जी पोरगी मिस्त्रीला सगळ्यात जास्त बोलली, तीच पुढे अगदी त्याच्यासारखी झाली. घाटात पडून कुणी दवाखान्यात आला की त्याचा पाय हातात धरून आधी विचारायची, डोणीपाशी उतरून ब्रेक बघितला होतास का? तो कण्हत असायचा. बाई, आधी मलम लावा. ही म्हणायची, आधी सांग. लोक तिच्यावरही वैतागायचे. त्याच दवाखान्यात जन्मलेली माणसं.

रीत पडली ती तिच्यामुळे. आजही आमच्याकडे कुणी नवी गाडी घेतली की हार-नारळाच्या आधी कातड्याच्या चपलांची जोडी घेतो आणि डोणीच्या कट्ट्यावर ठेवतो. ज्याची अडली असेल त्यानं उचलावी, कापावी, कुणाला विचारायचं नाही. आणि घाट उतरणाऱ्यानं डोणीपाशी खाली उतरायचं, पायातलं काढायचं, अनवाणी गाडी ढकलायची, ब्रेक दाबायचा. गाडी उभी राहिली तर चपला घालून पुढं जायचं. ज्याचा लायनर संपत आलाय त्याला कानाशी करकर ऐकू येते, असं म्हणतात.

आता पोरांच्या कानात ती गाणी ऐकायची बोंडं असतात. त्यांना काय ऐकू येणार, कपाळ. आणि उतरतंय कोण? ऐन उताराच्या तोंडाशी, चालत्या गाडीवर, हँडलवरचे दोन्ही हात सोडून ही पोरं दस्तगीर मिस्त्रीला नमस्कार करतात. म्हणतात, मिस्त्री, सुखरूप पोचव.

तेवढ्यात डोणीतलं पाणी बुडबुडतं. बघणारे म्हणतात, बघा, मिस्त्रीनं आशीर्वाद दिला. कसला आशीर्वाद. तो वैतागलाय.