विद्याधरचं नवं घर

"माझ्या घरात काय कमी आहे, तेवढं सांगा बुवा."

विद्याधर मठाच्या फाटकातूनच बोलला. रोजचा शिष्य, पण आज नमस्काराचंही भान नव्हतं.

सदूबुवा अंगणात शेंगा सोलत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जुनं घर मोडून मनासारखं करून घेतलं. भिंती पाडल्या, दारं हलवली, माजघराचा दिवाणखाना केला. एकेक फरशी मी स्वतः निवडली. परगावाहून लोक बघायला येतात. आणि माझे वडील ते सोडून तुमच्याकडे येऊन राहतात. आंधळ्या बापाला घराबाहेर काढलं, असं गाव म्हणतंय."

"तू काढलंस?"

"मी? त्यांच्या दिमतीला गडी ठेवलाय. पाणीसुद्धा हातात मिळतं. जागचं उठावं लागत नाही त्यांना."

"आधी उठायचे?"

"आधी घरभर फिरायचे. चाचपून चाचपून भिंत न् भिंत पाठ झाली होती..."

विद्याधर थबकला. मग आवाज आणखी चढला.

"म्हणून काय मी जन्मभर त्या जुनाट घरात राहायचं? मला माझी आवड नाही?"

बुवा शेंगा सोलत राहिले.

विद्याधरचा संताप वाढला. कोपऱ्यातल्या खोलीच्या दारापासून मागच्या विहिरीपर्यंत काथ्याचा दोर बांधला होता. मध्ये मध्ये गाठी. त्याच्या डोळ्यांत तो खुपला.

"आणि हे काय ध्यान? अंगणाची पार कळा गेली. आधी हे सोडतो." त्यानं दाराजवळच्या गाठीला हात घातला.

"थांब. दोर हलतोय," बुवा म्हणाले.

विहिरीकडून नाना येत होते. विद्याधरचे वडील. डाव्या हातात दोर, उजव्या हातात भरलेला तांब्या. गाठ हाताला लागली की पाऊल किंचित वळत होतं. पाणी सांडत नव्हतं.

वर्षभरात विद्याधरनं त्यांना एकटं चालताना पाहिलं नव्हतं.

नाना दारापाशी पोचले. दोरावरून सरकणारी त्यांची बोटं मुलाच्या बोटांवर आली. ते थांबले.

"बुवा, कोण आलंय?"



"पाहुणे आहेत, नाना," बुवा म्हणाले. "पाणी द्या."