मांडीवरची धग

विणकरांच्या एका गावात निरंजन नावाचा नक्षीकार राहत होता. साड्यांच्या पदरावरचे मोर, वेली, कुयऱ्या तो लॅपटॉपवर आखून द्यायचा. त्याचा हात असा, की आसपासच्या चार गावांतले माग त्याच्याच नक्षीवर चालत. जमिनीवर मांडी घालायची, लॅपटॉप मांडीवर घ्यायचा आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत कामात बुडून जायचं, ही त्याची रीत. लॅपटॉप तापे, मांड्या लाल होत. पण नक्षी पुरी झाल्याशिवाय तो उठत नसे.

त्याच्या लग्नाला पाच वर्षं झाली होती. घरात मूल नव्हतं. याचा जाब मात्र एकट्या त्याच्या बायकोला, हर्षदाला द्यावा लागे. शेजारच्या बारशात बायकांनी तिला पाळण्याला हात लावू दिला नाही. सासूबाई, वत्सलाबाई, तिला एकामागून एक उपास सांगत. ती मुकाट्याने करी. निरंजनला हे सारं दिसत होतं, पण तो नजर नक्षीत खुपसून बसे.

शेवटी दोघं तालुक्याच्या डॉक्टरबाईंकडे गेले. हर्षदाच्या तपासण्या झाल्या. सगळं ठीक निघालं.

“आता तुमची तपासणी,” बाई निरंजनला म्हणाल्या.

“माझी? मी तर चांगला धडधाकट आहे!”

“धडधाकट माणसाचीही करतात.”

निरंजन ओशाळला, पण त्याने तपासणी करून घेतली. शुक्राणू कमी होते आणि त्यांची हालचालही मंद होती. बाईंनी त्याच्या कामाची चौकशी केली आणि म्हणाल्या, “वृषणांना बाकीच्या शरीरापेक्षा थोडा गारवा लागतो. तुम्ही तिथेच रोज दहा तास धग देताय. हेच एक कारण आहे, असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. पण ते असू शकतं, आणि ते टाळणं तुमच्या हातात आहे. लॅपटॉप टेबलावर ठेवा, मधूनमधून उठा. नवे शुक्राणू तयार व्हायला जवळपास तीन महिने लागतात. तेव्हा पुन्हा या.”

परतताना एसटीत हर्षदा हळूच म्हणाली, “घरी काही सांगू नका. पाच वर्षं ऐकून घेतलं, आणखी ऐकेन. तुम्हाला कोणी हसलेलं मला नाही बघवायचं.”

तपासणीचा कागद निरंजनच्या खिशात होता. कोणी तो मागणार नव्हतं. गप्प राहणं फार सोपं होतं.

घरी पोचले, तेव्हा पडवीत वत्सलाबाईंजवळ गल्लीतल्या चार-पाच बायका बसल्या होत्या. त्यांतली एक म्हणाली, “काय गं हर्षदा, काय दोष निघाला तुझ्यात?”

हर्षदा खाली मान घालून आत निघाली. निरंजनने तिचा हात धरून तिला थांबवलं.

“तिच्यात काहीच दोष नाही,” तो सगळ्यांसमोर म्हणाला. “कमी माझ्यात आहे. पाच वर्षं तिने माझ्या वाट्याचं ऐकून घेतलं, आणि मी ते ऐकू दिलं. त्याची मला लाज वाटते.”

वत्सलाबाईंनी उठून सुनेला जवळ घेतलं. “पोरी, मी चुकले गं,” त्या म्हणाल्या.

काही टवाळांनी निरंजनची थट्टा केली. पण त्याच आठवड्यात दोन विणकर गुपचूप येऊन डॉक्टरबाईंचा पत्ता विचारून गेले. निरंजनने त्यांना काहीही न लपवता सगळं सांगितलं.

त्याने सुताराकडून टेबल करून घेतलं. तीन महिन्यांनी तपासणीत थोडा फरक दिसला, सहा महिन्यांनी बराच. दुसऱ्या वर्षी त्यांना मुलगी झाली.

आजही कोणी हर्षदाला आयुष्यातला सर्वांत मोठा दिवस विचारला, तर ती मुलीच्या जन्माचा दिवस सांगत नाही. ती पडवीतली ती संध्याकाळ सांगते. म्हणते, “मूल झालं नसतं, तरी त्या दिवसापासून मी या घरात ताठ मानेने जगले असते.”

तात्पर्य: काम कितीही आवडीचं असलं तरी शरीराला त्याची झळ लागू देऊ नये. मूल होत नसेल, तर तपासणी दोघांची व्हावी. आणि आपली उणीव जो चारचौघांत आपली म्हणून सांगतो, तो तिच्यामुळे लहान होत नाही, मोठाच होतो.