न तोडलेलं पान

माणसाने सुई घडवली नव्हती, तेव्हाची गोष्ट. रेवा नावाच्या शिंपी पक्षिणीची अंडी घालायची वेळ जवळ आली, पण घरटं काही जमेना. केळीचं पान टाका घालताच फाटलं. सागाचं तोडून आणलेलं पान उन्हाने वाळून चुरलं.

"काटक्यांचं बांध की माझ्यासारखं!" शेजारची कावळीण म्हणाली.

"काटक्या माझ्या चोचीला झेपत नाहीत, काकू. पण मला सांगा, पान वाळतं कधी?"

"झाडावरून तुटलं की."

रेवा थबकली. मग उंबराचं एक पान तिने फांदीवरच वाकवलं, कडांना भोकं पाडली आणि सावरीच्या कापसाने शिवलं. संध्याकाळी सोसाट्याचा वारा सुटला. पान झुललं, टाका मात्र उसवला नाही.

सकाळी त्या हिरव्यागार पानात पहिलं अंडं होतं.