शेवंतीचे मोजे

सरदार हैबतरावांची शेवंती म्हणजे घोडी कसली, वाराच! धावताना तिचे खूर तिच्याच पायांना लागत, म्हणून त्यांनी तिला चामड्याचे जाड मोजे करवले. इथवर ठीक होतं. पण ती कुरणात चरायला सुटली तरी मोजे पायांतच! आत कुसळं शिरून तिचे पाय सोलवटले. सरदारांच्या पत्नी दर्याबाईंना ते बघवेना. भर पंगतीत त्यांनी विषय काढला, तर सरदार मिशीवर ताव देत गरजले, "संरक्षण कधी कुणाला बोचलंय का?"

"मुळीच नाही!" दर्याबाई हसल्या. "मग आजची वामकुक्षी चिलखत घालूनच होऊ द्या. पलंगावरून पडलात तर?"

एवढ्या लोकांत माघार कशी घेणार? सरदार चिलखत चढवून आडवे झाले, आणि डोळा लागतो न लागतो तोच ताडकन उठून नाचायलाच लागले!

"अहो, काढा हे! आत काय भरलंय?"

"शेवंतीच्या मोज्यांतली कुसळं," दर्याबाई म्हणाल्या. "तिला बिचारीला 'काढा' म्हणता येत नाही, एवढाच फरक."

त्या दुपारी आधी शेवंतीचे मोजे निघाले, मग सरदारांचं चिलखत!