भागोजीचा ओळंबा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते आता कुणाला सांगता येत नाही. पण तेव्हा हिरडेमाळावर मोटार वर्षातून एखाद्या वेळी यायची, आणि तिला बघायला सगळं गाव घाटाच्या तोंडाशी जाऊन बसायचं.

हिरडेमाळ हे घाटमाथ्यावरचं गाव. तिथली थंडी अशी की पौषात सकाळी गवतावर दहिवर गोठून राहतं. म्हणून गोऱ्या साहेबांनी तिथं जांभ्या दगडाचे बंगले बांधले, तेव्हा प्रत्येक बंगल्याच्या भिंतीत एक आगटी केली, आणि तिचा धूर बाहेर न्यायला छपराच्या वर डोकं काढणारं उंच दगडी धुराडं. पुढे साहेब गेले. कुणी बंगला विकला, कुणी माळ्याला देऊन टाकला, कुणी नुसतीच किल्ली ठेवून गेला. मग बंगल्यांत गावची माणसं राहायला आली आणि साहेबांच्या आगटीत भाकरी भाजायला लागली.

त्या गावात भागोजी गवंडी राहायचा. त्याच्या परसात चुन्याचा हौद होता. त्यातला चुना त्याच्या बापानं भिजत घातलेला होता, आणि लोण्यासारखा मऊ झाला होता. बापानं भिजवायचा आणि लेकानं वापरायचा, अशी त्या घरची रीत. शेजारी दगडी घाणी होती. तिच्यात चुना, वाळू आणि विटांची पूड घालून वर हिरड्याचं पाणी आणि गुळाचं पाणी सोडायचं, आणि बैल गोल फिरवायचा. भागोजीच्या बैलाला चुना तयार झालेला वासावरून कळायचा आणि तो आपणहून थांबायचा, असं म्हणतात.

भागोजीच्या हातात कला होती, पण माणसांपुढे त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. दुकानात गेला तरी तो नुसतं बोट दाखवायचा. एकदा बोट जरा चुकलं, म्हणून मिठाऐवजी हिंग घेऊन घरी आला, आणि बदलून मागायला नको म्हणून महिनाभर प्रत्येक कालवणात हिंग खात राहिला.

धुराड्यांशी मात्र तो भरभरून बोलायचा. भिंतीला कान लावला की धुराडं त्याला आपलं दुखणं सांगायचं, असं म्हणतात. दगडांच्या सांध्यातली कुठली दरज सुटली आहे, कुठं काजळी साचली आहे, कुठल्या दगडामागे गेल्या पावसाळ्याचं पाणी अजून अडकून बसलं आहे, सगळं त्याला ऐकू यायचं. मग तो छपरावर चढायचा, धुराड्याच्या तोंडात डोकं घालायचा आणि त्याची समजूत काढत बसायचा. तिथं आपलं कोणी ऐकत नाही, अशी त्याची खात्री होती.

आता गावात सगळ्यांत उंच धुराडं होतं गेनबाच्या बंगल्याचं. गेनबा साहेबाचा माळी. साहेबानं जाताना बंगला त्यालाच दिला होता, आणि गेनबा त्या घराला देवासारखा जपायचा. एकदा घाटात पुलाचं काम चाललं होतं, तिथून त्यानं अर्धं पोतं सिमिट आणलं. आजारी माणसाला घोंगडी पांघरावी तशा मायेनं ते त्यानं धुराड्याला बाहेरून थापलं. पण जांभा दगड श्वास घेतो. त्याला पाणी प्यायला लागतं आणि उन्हात सोडायलाही लागतं. सिमिटानं त्याचं नाक दाबलं. पाणी आतच राहिलं, आतला चुना कुजला, दगडांमधल्या फटी उघड्या पडल्या, आणि धूर वर जायचा सोडून घरात यायला लागला.

त्यानं झालं असं, की गेनबाच्या लेकीचं, सगुणाचं, लग्न जमेना. मुलगी बघायला जो पाहुणा यायचा तो डोळे चोळत, रडत बाहेर पडायचा. एका नवरदेवाला तर मुलगी दिसलीच नाही, धुरातून नुसत्या बांगड्या ऐकू आल्या. खालच्या गावांत लोक म्हणायला लागले की गेनबाच्या घरात मुलगी आहे म्हणतात, पण पाहिली कुणीच नाही. शेवटी गेनबानं भागोजीला बोलावलं आणि सांगितलं, संक्रांतीनंतर घाटाखालचे पाहुणे येणार आहेत, घर मोठं आहे, हे स्थळ हातचं जाता कामा नये. त्याआधी धुराडं बरं कर.

भागोजीनं मान हलवली. तेवढ्यात सगुणा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. काय काय लागेल, असं तिनं विचारलं. भागोजीचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. बऱ्याच वेळानं त्यातून एकच शब्द बाहेर पडला.

"गूळ."

"खायला?" सगुणानं विचारलं.

"चुन्याला," तो म्हणाला, आणि कानापर्यंत लाल होऊन शिडीवर चढला.

काम सुरू झालं. त्यानं सिमिट छिन्नीनं हलक्या हातानं सोडवलं, जखमेवरची पट्टी सोडवावी तसं. वरचे दगड उतरवले, कोणता कुठला ते कळावं म्हणून त्यांच्यावर कोळशानं खुणा केल्या, कुजलेल्या दरजा खरवडून काढल्या. सगुणा रोज सकाळी शिडीच्या पायरीवर गुळाचा खडा ठेवायची, आणि भागोजी तो इमानानं घाणीत टाकायचा. दिवस मावळायच्या आधी तो धुराड्यातून ओळंबा सोडायचा. ओळंबा म्हणजे गवंड्याची दोरी, टोकाला पितळी लोळा बांधलेली. लोळा खाली आगटीच्या बरोबर मधोमध येऊन थांबला, की वरचं बांधकाम सरळ आहे असं समजायचं.

आणि दिवसभर तो त्या धुराड्याशी बोलायचा. "हे म्हाताऱ्या," असं म्हणून सुरुवात करायचा. सकाळी काय खाल्लं ते सांगायचा, बैलाच्या तक्रारी सांगायचा, हिंगाची गोष्टसुद्धा त्यानं सांगितली. त्याला हे ठाऊक नव्हतं, की धुराडं जसं खालचा धूर वर नेतं तसा वरचा आवाज खाली आणतं. तो छपरावर कुजबुजायचा ते आगटीपाशी जेवायला बसल्यासारखं स्पष्ट ऐकू यायचं.

घरात गेनबाची बहीण ठकूआत्या होती. तिनं पहिल्यांदा आवाज ऐकला तेव्हा तिच्या हातातली पळी पडली. तिची खात्री झाली की आगटीत साहेबाचं भूत आलं आहे. "बघ गं, जिवंतपणी एक शब्द धड बोलता येत नव्हता," ती सगुणाला म्हणाली, "आणि मेल्यावर कसा मराठी शिकला." मग तिनं आगटीपुढे नारळ फोडला. सगुणा पदर तोंडाला लावून हसली, पण तिनं कुणाला काही सांगितलं नाही. काम चालू होतं तोवर आगटी थंड होती, स्वयंपाक बाजूच्या चुलीवर व्हायचा, पण भाकरी थापायला ती रोज आगटीच्या आणखी जवळ बसू लागली.

एक दिवस भागोजी शेवटच्या दरजा भरत होता. त्याचा हात थांबला.

"हे म्हाताऱ्या," तो धुराड्यात म्हणाला, "तू बरा झालास की पाहुणे येणार. त्यांना पोरगी दिसणार. ती दिसल्यावर कोण नाही म्हणेल? एक दरज जरा पोकळ ठेवली तर तू खोकत राहशील, पाहुणे रडत परत जातील आणि मला उद्याही इथं यायला मिळेल. कुणाला कळणारसुद्धा नाही."

मग चुना दाबून भरल्याचा आवाज आला, ठक, ठक, ठक.

"नाही रे बाबा," तो म्हणाला. "तुझ्या पोटात हात घालून खोटं नाही करता येत मला."

त्या दिवशी भागोजीला खालून आलेली भाकरी कोळसा झाली होती. तव्यावर टाकून कुणीतरी तिला विसरलं होतं. त्यानं ती मुकाट खाल्ली आणि धुराड्याला सांगितलं, की खरपूस भाकरीसारखी भाकरी नाही. दुसऱ्या दिवशी आणखी करपलेली आली. हे काय चाललंय ते त्याला कळलं नाही, पण तीही त्यानं संपवली.

चुना घाई करू देत नाही. भागोजी धुराड्याला ओल्या गोणपाटानं गुंडाळायचा आणि रोज त्यावर पाणी शिंपडायचा. संक्रांत झाली, चुना दगडासारखा घट्ट झाला, आणि पाहुणे आले.

गेनबानं सगळ्यांना आगटीपुढेच बसवलं. लाकडं रचून ठेवली होती. भागोजीनं वर जाऊन गोणपाट काढायचं, शेवटचा ओळंबा सोडून बघायचा, आणि मग विस्तव पेटवायचा, असं ठरलं होतं. भागोजी वर गेला. त्यानं गोणपाट सोडलं. एकदा आग पेटली की पुन्हा या धुराड्यात डोकं घालून बोलता येणार नाही, हे त्याच्या मनात आलं, आणि त्यानं शेवटचं डोकं आत घातलं.

"हे म्हाताऱ्या," तो म्हणाला, "आजपासून तुझं काम सुरू आणि माझं संपलं. नीट ओढ. पाहुण्यांच्या डोळ्यांना जराही धूर लागू देऊ नकोस. सगुणाचं चांगलं होऊ दे. मला तिच्यापुढे गुळाशिवाय दुसरा शब्द कधी बोलता आला नाही, त्याला तू तरी काय करणार? तिला गाठायला तुझ्याएवढी उंची नाही माझी. बरंय, ओळंबा सोडतो."

आणि त्यानं ओळंबा सोडला.

खाली काय झालं ते त्याला पुढे सगुणानं सांगितलं, आणि तिनंच ते लेकीबाळींना सांगितलं, म्हणून आपल्याला ठाऊक आहे. त्याचा शब्द न् शब्द खोलीत सगळ्यांनी ऐकला होता. ठकूआत्या हळूच म्हणाली, "अगोबाई, म्हणजे साहेब नव्हता." गेनबाची मान खाली गेली होती. एवढ्यात धुराड्यातून पितळी लोळा हळूहळू उतरला आणि आगटीच्या बरोबर मधोमध, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे थांबला. केसभरसुद्धा हलला नाही.

सगुणा तेव्हा पाहुण्यांसाठी गूळपाणी घेऊन उभी होती. ती पाहुण्यांकडे गेली नाही. ती आगटीपाशी गेली, ताटलीतला गुळाचा सगळ्यांत मोठा खडा तिनं उचलला, साडीच्या काठाची चिंधी फाडून तो लोळ्याला बांधला, आणि दोरीला एक हिसका दिला.

दोरी वर गेली. मग पाहुण्यांतला म्हातारा, नवऱ्यामुलाचा बाप, खो खो हसायला लागला.

"गेनबा," तो म्हणाला, "धुराडं ओढतंय बरं का झकास. आमच्या वाटचा गूळसुद्धा ओढला. आता निदान चहा तरी पाजा, आणि आम्हाला वाटेला लावा."

गेनबा उठून अंगणात गेला आणि त्यानं वर पाहिलं. छपरावर भागोजी हातात गूळ घेऊन बसला होता. त्याच्या जन्मात त्या घरातून आलेला गूळ चुन्याशिवाय दुसऱ्या कशाला लागला नव्हता, आणि चुना तर आता उरलाच नव्हता. गेनबाला बघून तो घाबरला. काहीतरी विचारायलाच हवं होतं. त्यानं धीर केला, आणि आयुष्यात पहिल्यांदा गावाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं बोलला.

"आबा, हा चुन्यात घालू का?"

गेनबानं त्याच्याकडे पाहिलं, धुराड्याकडे पाहिलं. ज्याला एक दरज पोकळ ठेवता आली असती, आणि ज्यानं ती ठेवली नव्हती, तो माणूस गूळ धरून त्याच्या हुकमाची वाट बघत होता.

"खा, लेका," गेनबा म्हणाला. "तो तुझा आहे. खा."

मग आग पेटवली. धूर वर निघाला तो उलटा ओळंबा सोडावा तसा सरळ आभाळात गेला. दरीतून वारा आला, झाडं वाकली, पण धूर वाकला नाही. उडून दमलेली एक घार त्या धुराला टेकून बसली, असं म्हणतात. हे जरा जास्तच वाटतं, पण सांगणारे शपथेवर सांगतात.

भागोजी आणि सगुणानं पुढे माळावरची सगळी धुराडी बरी केली. तो वर आणि ती खाली, आणि मधल्या धुराड्यातून दोघांच्या दिवसभर गप्पा. लोकांपुढे तो शेवटपर्यंत कमीच बोलला. पण गावातलं कुठलंही धुराडं वाऱ्याच्या दिवशी अजून हे म्हाताऱ्या, हे म्हाताऱ्या असं म्हणतं.

आणि अजूनही हिरडेमाळावर कुणाचं लग्न ठरायचं असेल तर आधी सगळे गेनबाच्या बंगल्यात जमतात. मुलगा छपरावर चढतो आणि धुराड्यातून भागोजीचा ओळंबा सोडतो. आगटीपाशी एका ताटलीत गूळ असतो आणि एका ताटलीत कोळसा, आणि मुलगी त्यांतलं काय बांधते त्यात कुणी बोलायचं नसतं, आईबापांनीसुद्धा. कोळसा वर आला तर मुलगा हात झाडून मागच्या बाजूनं उतरतो, आणि त्याला गावात कुणी एका शब्दानं काही विचारत नाही.

गूळ वर आला तर मात्र त्यानं लगेच खायचा नसतो. धुराड्याच्या तोंडात डोकं घालून आधी मोठ्यानं विचारायचं असतं, "हा चुन्यात घालू का?"

आणि खालून सगळं गाव एका आवाजात सांगतं, "खा."