दोन सूत

एकदा एका कसबी शिष्याच्या हातून दोन सुतांची चूक झाली आणि तिची शिक्षा भलत्याच माणसाला भोगावी लागली.

शिष्याचे नाव मुरलीधर पोवार. वय चाळिशीच्या आसपास. कोल्हापुरात जुन्या परदेशी गाड्या दुरुस्त करणारे गौसभाई मुल्लाणी नावाचे वृद्ध उस्ताद होते; त्यांच्या शेडमध्ये मुरलीधर एकोणीस वर्षे काम करीत होता. उस्तादांचे हात आता कापत. त्यामुळे बारीक काम सारे मुरलीधरकडे आले होते आणि तो ते उत्तम करीत असे. गावात त्याचा लौकिक होता. त्या लौकिकाची त्याला जाणीवही होती.

गुळाचे व्यापारी पारीस शेटे यांनी आपल्या वडिलांची १९५८ सालची गाडी शेडमध्ये आणून ठेवली होती. तिचा गिअरबॉक्स ऑटोमॅटिक. क्लचचे पेडल नाही, गिअर आपोआप पडणार. तो बिघडल्यापासून गाडी अकरा वर्षे झाकून ठेवलेली होती. आता वडील, भूपालआप्पा, शेवटच्या दुखण्यात होते. डॉक्टरांनी आठ-दहा दिवसांचीच मुदत सांगितली होती. आप्पांचे एकच मागणे होते : आपल्या गाडीत पुढच्या सीटवर बसून एकदा बाहुबलीच्या डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाऊन यायचे. मुलाने दुसऱ्या गाडीतून नेतो म्हटले, तर म्हणाले, "दुसऱ्या गाडीतनं काय, अँब्युलन्समधनंबी न्हेशीला."

मुरलीधरने गिअरबॉक्स पूर्ण उलगडला, धुतला, झिजलेले भाग बदलले आणि पुन्हा जुळवायला घेतला. सर्व भाग आत गेले. शेवटी पुढचा तेलाचा पंप बसवायचा राहिला. तो बसेना. दोन सूत, म्हणजे जेमतेम पाव इंच, वर राहिला.

दुपारचे बारा वाजत आले होते. पारीसशेठ दारात उभे होते. "मुरलीधर, आज संध्याकाळी मिळंल का रे? आप्पांचं काही खरं नाही."

"मिळंल," मुरलीधर म्हणाला.

त्याने बोल्ट लावले आणि समोरासमोरचे बोल्ट थोडेथोडे आवळत गेला. पाव इंच नाहीसे झाले. पंप जागेवर टेकला. शाफ्ट फिरवून पाहिला, तो फिरला, पण जड. नवे भाग आहेत, चालता चालता मोकळे होतील, असे त्याने मनाशी म्हटले आणि पारीसशेठना सांगितले, "झालं काम. चार तासांत गाडीला चढवतो."

शेठ गेले. उस्ताद नमाज पढून आले. त्यांनी दोन बोटांनी शाफ्ट धरला. फिरेना. पूर्ण मुठीने धरला, तेव्हा फिरला.

"पंप आपसूक बसला, का तू बसवलास?"

मुरलीधरने हातातला पाना खाली ठेवला.

"उघड," उस्ताद म्हणाले.

"उस्ताद, तिकडं म्हातारा माणूस वाट बघतोय."

"म्हणूनच उघड. त्यात माणूस बसणार हाय."

आतला प्रकार वाईट होता. क्लचच्या गोल प्लेटा ड्रममध्ये एकावर एक बसतात आणि प्रत्येकीचे दात मधल्या चक्राच्या दातांत उतरावे लागतात. खालच्या दोन प्लेटांचे दात उतरलेच नव्हते. त्यामुळे ड्रम वर राहिला होता, आणि ड्रममुळे पंप. बोल्टांनी आवळल्यावर ते दात वाकले होते आणि एका प्लेटेला चीर गेली होती. तशा प्लेटा देशात मिळत नसत. परदेशातून मागवायच्या, तर पाच आठवडे.

संध्याकाळी पारीसशेठ आले. उस्ताद पुढे झाले. "शेठ, गाडी आज देता येत नाही. आत मोठं काम निघालंय. महिना लागंल."

"महिना? दुपारी तर झालं म्हणून सांगितलं!"

"दुपारी तसं वाटलं होतं."

शेठ पुष्कळ बोलले. उस्तादांनी सर्व ऐकून घेतले. मुरलीधर पाठीमागे उभा राहून फडक्याने हात पुसत होता. हात केव्हाच कोरडे झाले होते.

नवव्या दिवशी आप्पा वारले.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी मुरलीधर भेटायला गेला. घरात माणसे बसली होती. पारीसशेठ कुणाला तरी सांगत होते, "मुरलीधरनं झालं म्हटलेलं काम गौसभाईंनी पुन्हा उघडलं. त्यांचे हात आता चालत नाहीत. त्यांनी वेळेत सोडायला पाहिजे होतं काम. त्यांच्यापायी आमच्या आप्पांची शेवटची इच्छा राहिली." लोकांनी माना डोलावल्या. मुरलीधरनेही खाली मान घातली. आपण आत्ता बोलले पाहिजे, हे त्याला कळत होते. तो चहा घेऊन परत आला.

त्या महिन्यात दोन जुन्या गिऱ्हाइकांनी आपल्या गाड्या शेडमधून नेल्या. उस्तादांनी कारण विचारले नाही. मुरलीधरच्या मनात मात्र लाजेपेक्षा राग अधिक वाढत होता. एक दिवस तो बोलून गेला.

"उस्ताद, तुम्ही तवा गप बसला असता तर गाडी चालली असती. फार न्हाई, एक दिवस. एका दिवसाचंच काम होतं. आप्पा जाऊन आले असते. मग मोडली असती तर मोडू दे की!"

"असंल," उस्ताद म्हणाले. "न्हाईतर वाटंत जाम झाली असती. मला ठावं नव्हतं. तुलाबी नव्हतं."

मुरलीधरचे समाधान झाले नाही. उस्तादांनी आपल्या हट्टापायी एका मरणाऱ्या माणसाला निराश केले, असेच त्याने धरून ठेवले.

पाचव्या आठवड्यात प्लेटा आल्या. मुरलीधर जुळणीला बसला, तेव्हा उस्तादांनी एक विचित्र गोष्ट केली. टेबलावरचे पंपाचे सर्व बोल्ट त्यांनी गोळा केले, कपाटात टाकले आणि कपाटाला कुलूप लावले.

"आता बसव पंप."

"बोल्टाशिवाय?"

"बोल्टाशिवाय."

मुरलीधरने ड्रम आत सोडला. पंप ठेवला. तोच पाव इंच पुन्हा वर राहिला. त्याने हाताने दाबून पाहिले. काही उपयोग नव्हता. शेवटी त्याने पंप काढला, ड्रम हलकेच उचलला आणि शाफ्ट धरून मागे-पुढे, मागे-पुढे हलवू लागला. बराच वेळ काही झाले नाही. मग आत काहीतरी खाली उतरल्याचा बारीक आवाज आला. एका प्लेटेचे दात बसले होते. तो पुन्हा हलवीत राहिला. दुसरा आवाज आला आणि ड्रम आपल्या वजनाने खाली गेला. त्याने पंप ठेवला. तो जागेवर बसला. दोन बोटांनी शाफ्ट फिरवला, तो लोण्यात फिरावा तसा फिरला.

"किती वेळ लागला?" उस्तादांनी विचारले.

मुरलीधरने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले. पंचवीस मिनिटे झाली होती.

तो खाली बसला.

उस्ताद जवळच्या स्टुलावर बसले आणि शांतपणे म्हणाले, "पाच आठवडे तू मनात धरलंस की मी गाडी अडवली. गाडी पंचवीस मिनिटांसाठी अडली होती, मुरलीधर. तेवढं थांबला असतास तर त्याच संध्याकाळी आप्पा पुढच्या सीटवर बसले असते. वस्तू घट्ट जाते म्हणजे आत कायतरी बसायचं राहिलंय, एवढंच ती सांगत असते. तिला भांडायचं नसतं. आपण ताकद लावतो, कारण आपल्याला तिचं ऐकायचं नसतं. आपल्याला काम झालेलं दिसायला पाहिजे असतं."

"हे तुम्ही तवाच का न्हाई सांगितलं? लोक तुम्हाला नावं ठेवत होते."

"मी सांगितलं असतं तर तू मान हलवली असतीस आणि मनात तसाच राहिला असतास. आणि लोकांना सांगायचं काम माझं नव्हतं."

दुसऱ्या दिवशी बोल्ट लागले आणि गिअरबॉक्स गाडीला चढला. मुरलीधर स्वतः गाडी चालवीत पारीसशेठांच्या दारात गेला. गाडी सुरेख चालत होती. त्याला ते सहन होत नव्हते. अंगणात उभे राहून त्याने झाले ते सारे सांगितले. पाव इंच सांगितला, बोल्ट सांगितले. पंचवीस मिनिटेही सांगितली.

पारीसशेठनी गाडीच्या टपावर हात ठेवला. मग म्हणाले, "आप्पा रोज सकाळी कोट घालून बसायचे. बसवत नव्हतं, तरी उशी लावून बसायचे. गाडी आली तर आपल्यामुळं उशीर नको म्हणायचे. आठव्या दिवशी कोट घालायला हात वर झाला नाही, तर रडले."

मुरलीधरने हात जोडले. शेठनी त्या हातांकडे पाहिले नाही.

"उस्तादांना सांग, मी येऊन त्यांचे पाय धरणार आहे. गावभर त्यांना नको ते बोललो. तू मात्र या दारात पुन्हा येऊ नकोस."

मुरलीधर चालत परत आला. उस्तादांनी विचारले, "बोललास?"

"व्हय."

"काय म्हणाले?"

"पुन्हा येऊ नको म्हणाले."

उस्तादांनी मान हलवली. त्याची समजूत घालावी, असे काही ते बोलले नाहीत आणि मुरलीधरलाही ते नको होते. शेठ म्हणाले त्यात काहीच चुकीचे नव्हते, हे दोघेही जाणून होते.