तिघांचं एक नाव

त्या दिवशी चैत्राचं ऊन सकाळीच डोक्यावर आलं होतं. वारा अगदी पडलेला. कुत्री ट्रॅक्टरच्या सावलीला निजली होती, आणि लांबचा डोंगर धुरकट दिसत होता. अशा दिवशी एका गावात आबा घारगे नावाचे एक गृहस्थ पाणीसंस्थेच्या कचेरीत कॉम्प्युटरपुढं घाम पुशीत बसले होते.

आबा संस्थेचे सचिव. नदीचं पाणी उपसून शेतांना पाळीनं द्यायचं, हे संस्थेचं काम. पूर्वी केरबा पाटकरी खांद्यावर खोरं टाकून हिंडायचा आणि आपल्या हातानं पाणी सोडायचा. आता पाळ्यांची सगळी मांडणी तालुक्याच्या मोठ्या कॉम्प्युटरात गेली होती. पाळी आली की तिथल्या हुकमानं इथला व्हॉल्व्ह आपोआप उघडायचा.

गावच्या कचेरीत बसून त्या मोठ्या कॉम्प्युटरात शिरता यायचं, पण त्याची एक रीत होती. गावातल्या माणसाला तिथं कोण ओळखतो? म्हणून त्याच्या नावाला तिथलं एखादं नाव जोडून द्यावं लागे. मग तो त्या नावानं आत जाई, आणि त्या नावाला जेवढी मुभा तेवढंच त्याला करता येई. ‘पाहणी’ या नावानं पाळ्या बघायच्या आणि पाणी पोचल्याची खूण करायची, बास. ‘नोंद’ या नावानं नवं शेत चढवायचं. ‘मुख्य’ या नावाला मात्र सगळं मोकळं. पाळी हलवा, नाहीतर पुसून टाका, कोणी अडवणार नाही. जोडणीचं काम आबांकडं होतं. ज्याचं जे काम त्याला तेच नाव जोडा, असं तालुक्याला ते कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या बाईंनी त्यांना सांगून ठेवलं होतं.

आबांनी केरबाच्या नावापुढं ‘पाहणी’ लिहिलं. केरबा मागंच उभा होता. त्याचं तोंड उतरलं.

“म्हणजे मी आता नुसतं बघायचं का आबा?” तो म्हणाला. “अख्ख्या गावाला पाणी पाजलं मी.”

आबा मऊ मनाचे. त्यांना ते सोसलं नाही. आपलाच माणूस, त्याला धाकटं नाव कशाला, असं त्यांना वाटलं. त्यांनी ‘पाहणी’ खोडून ‘मुख्य’ केलं. मग नवी शेतं चढवणाऱ्या कारकून शालनला तरी वेगळं का ठेवायचं, म्हणून तिलाही ‘मुख्य’ जोडलं. स्वतः तर ते ‘मुख्य’ होतेच. गावात माणसं तीन, पण तालुक्याला तिघं मिळून एकच झाली. केरबानं त्या दिवशी सगळ्यांना चहा पाजला.

थोडे दिवस बरे गेले. मग एकदा ओढ्याकडच्या हमीदाबीची पाळी आली आणि पाणी काही आलं नाही. हमीदाबीचा पानमळा होता. पानवेल म्हणजे तान्ह्या लेकरासारखी, तिला वेळच्या वेळी पाणी लागतं. हमीदाबी खोरं घेऊन पाटावर बसून राहिली. पुढची पाळीही तशीच कोरडी गेली. पानं पिवळी पडली, वेलींनी माना टाकल्या. आणि तेच पाणी आबांच्या उसात खळखळत होतं.

शालननं तालुक्याला फोन लावला. तिकडून कळलं की ओढ्याकडच्या पाळ्या ‘मुख्य’ या नावानं पुसल्या गेल्यात, त्यामुळं मागची पाळी पुढं सरकली. मागची पाळी आबांची. मग काय, पारावर बोलणी सुरू झाली. आबांच्या उसाला यंदा तहान फार, असं कोणी म्हणे आणि बाकीचे हसत.

गावाची बैठक बसली. हमीदाबीनं आवाज चढवला नाही.

“आबा, त्या मळ्यावर माझं घर चालतं. माझं पाणी तुमच्या उसाला कसं गेलं, तेवढं सांगा.”

आबांना ठाऊक नव्हतं. आपण केलं नाही, हे त्यांना पक्कं माहीत होतं. शालन की केरबा, हे मात्र ‘मुख्य’ या नावाकडं बघून कळत नव्हतं. शेजारी बसलेल्यानं त्यांच्या कानात सांगितलं की केरबाचं नाव घ्या, लोकांना लगेच पटेल, तुम्ही सुटाल. आबांची जीभ तिथवर आलीही. मग त्यांनी ती आवरली.

“तालुक्याला आम्ही तिघं वेगळे नाहीच,” ते म्हणाले. “ती जोडणी माझ्या हातची आहे. तेव्हा कोणाचंही बोट असो, चूक माझी. माझ्या उसाच्या पाळ्या पाऊस लागेपर्यंत हमीदाबीच्या मळ्याला.”

तेवढ्यात मागं बसलेला केरबा उठला. एकदा पाणी पोचल्याची खूण करताना भलतीकडंच बोट पडलं होतं, असं त्यानं सांगितलं. कॉम्प्युटरनं काहीतरी विचारलं. तो नेहमीच काहीबाही विचारतो, म्हणून आपण ‘हो’ दाबलं. त्यात पाळ्या गेल्या असतील, हे मनातही आलं नव्हतं. ‘पाहणी’ नाव असतं तर कॉम्प्युटरनंच हात धरला असता, हे त्याला आता उमगलं.

“आबा, माझं मला द्या,” तो म्हणाला. “मोठं नाव मला पेलत नाही.”

दुसऱ्या दिवशी आबांनी केरबाला ‘पाहणी’ आणि शालनला ‘नोंद’ जोडलं, ‘मुख्य’ तेवढं आपल्याकडं ठेवलं. त्यांचा ऊस त्या उन्हाळ्यात वाळला. हमीदाबीचा अर्धा मळा वाचला, अर्धा तिला नव्यानं लावावा लागला.

तात्पर्य: ज्याचं जेवढं काम तेवढीच मुभा द्यावी, आणि ती त्याच्या स्वतःच्या नावानं द्यावी, भिडेपोटी जास्तीची देऊ नये. शेजारच्या जनाक्कांनी नंतर आबांच्या दारात उभं राहून हेच सांगितलं, “आबा, तुम्ही एकाचं मन राखलंत, आणि वाळला तो दुसरीचा मळा.”